अल्टोनाची वाळू

जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हॅम्बर्ग आणि अल्टोना ही दोन शहरं एकमेकांना इतकी खेटून वसली होती, की काही ठिकाणी सरहद्द रस्त्यावरूनच जाई. १८९२च्या ऑगस्टमध्ये हॅम्बर्गला कॉलऱ्याने गाठलं आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांवर माणसं दगावली. अल्टोनात मात्र साथ पसरली नाही. तिथे जे रोगी आढळले, त्यांतले बरेचसे हॅम्बर्गहूनच लागण घेऊन आलेले.

हवा तीच, नदीही तीच. उलट अल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी त्याच्या वाट्याला येई. पण १८५९पासून अल्टोना ते वाळूतून गाळून घेत होतं. हॅम्बर्ग मात्र नदीचं पाणी जरा निवळलं की नळात सोडी. त्या नळांत किती तऱ्हेचे जीव नांदतात, यावर कार्ल क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञांनी १८८५मध्ये चक्क प्रबंध लिहिला होता! गाळणीची योजना होती. पण खर्च कोणी सोसायचा, यावर शहराचा कारभार पाहणारे व्यापारी आणि घरमालक वर्षानुवर्षं घासाघीस करत राहिले. अखेर काम सुरू झालं, पण ते पुरं होण्याआधीच साथ आली.

कोलकात्यात १८८४मध्ये कॉलऱ्याचा जंतू ओळखणारे रॉबर्ट कॉख हॅम्बर्गला आले. सरहद्दीवरच्या एका वस्तीची त्यांनी नोंद केली. वस्ती हॅम्बर्गच्या हद्दीत, नळ मात्र अल्टोनाचा. तिथे एकालाही कॉलरा झाला नाही. म्युनिकच्या पेटेनकोफर यांना तरीही हे पटेना. त्यांनी ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याचे जंतू स्वतः पिऊन दाखवले. ते वाचले, त्यांचा सिद्धान्त मात्र टिकला नाही.

आम्ही कवी वाळूला नेहमी तहानेच्या बाजूला उभं करतो. इथे तिने हजारोंना जगवलं. पाणी वाळूतून सावकाश झिरपू दिलं की वर बुळबुळीत साय धरते. जंतू मुख्यतः तीच अडवते.

हॅम्बर्गची गाळणी घाईघाईने मे १८९३मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात कॉलरा खुद्द अल्टोनात उगवला होता. कडाक्याच्या थंडीत एक टाकी साफ करायला उपसली, तेव्हा उघडी पडलेली वाळू गोठली आणि तिची गाळण बिघडली. मग कॉख यांनी आग्रह धरला, की प्रत्येक टाकीचं पाणी रोज वेगळं तपासावं आणि एका घन सेंटिमीटरमध्ये शंभरावर जंतू निघाले, तर ते नळात सोडू नये.