खोडलेले इतिवृत्त

चार्ल्स डार्विनने वयाच्या ६७व्या वर्षी, १८७६ साली आत्मचरित्र लिहिले. एडिंबरा विद्यापीठातल्या एका विद्यार्थी मंडळापुढे आपण १८२६च्या सुरुवातीला छोटा निबंध वाचला, असे तो त्यात सांगतो. हे साल चुकले आहे. तेव्हा तो त्या मंडळाचा सभासदही नव्हता. मंडळाच्या इतिवृत्तात तारीख आहे २७ मार्च १८२७. थोर माणसाच्या स्मृतीपेक्षा मुलांनी लिहिलेली वही अधिक विश्वसनीय ठरली, याचे मला कुतूहल वाटले. म्हणून त्या एका बैठकीचा हा मागोवा.

मंडळाचे नाव प्लिनियन सोसायटी. प्राचीन रोमन निसर्गअभ्यासक प्लिनीवरून पडलेले. स्थापना १८२३ची. विद्यापीठाच्या तळघरातल्या खोलीत विद्यार्थी जमत, निबंध वाचत आणि वाद घालत. वैद्यकाच्या व्याख्यानांना कंटाळलेला डार्विन नोव्हेंबर १८२६मध्ये सभासद झाला. न्यूहेवनच्या कोळ्यांबरोबर तो कधी कधी समुद्रावर जाई आणि जाळ्यात येणारे जीव तपासायला घरी आणी. त्याला या कामाची गोडी लावली ती रॉबर्ट ग्रँट या वडीलधाऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने.

त्या मार्चच्या बैठकीत १८ वर्षांच्या डार्विनने दोन गोष्टी मांडल्या. फ्लस्ट्रा या चटईसारख्या पसरणाऱ्या सागरी प्राण्याची तथाकथित अंडी सूक्ष्म रोमकांच्या साह्याने स्वतः हालचाल करतात, ही पहिली. समुद्रशैवलाची बाल्यावस्था समजले जाणारे काळे गोल कण प्रत्यक्षात एका समुद्री जळवेच्या अंड्यांचे कोश आहेत, ही दुसरी. पण तीनच दिवस आधी, २४ मार्चला, ग्रँटने वर्नेरियन सोसायटी या ज्येष्ठांच्या संस्थेत फ्लस्ट्राची माहिती सांगून टाकली होती, डार्विनचे नाव न घेता. जळवेच्या अंड्यांवरील लेखात मात्र त्याने या तरुण मित्राचे ऋण मान्य केले.

त्याच संध्याकाळी विल्यम ब्राउन या विद्यार्थ्याने दुसरा निबंध वाचला. मन आणि जाणीव शरीररचनेपासून, मेंदूपासून वेगळी नाहीत, असे त्याचे प्रतिपादन होते. आत्म्याला जागाच न ठेवणारे हे मत त्या काळी स्फोटक होते. पुढे कोणीतरी इतिवृत्तातला तेवढा मजकूर रेघ मारून खोडला. इतकेच नव्हे, तर ब्राउनने हा निबंध वाचण्याचा मानस कळवल्याची आधीच्या बैठकीतली नोंदही खोडली. रेघेखालची अक्षरे मात्र वाचता येतात. पुढे हाच ब्राउन मनोरुग्णालयांच्या सुधारणेसाठी नावाजला.

आत्मचरित्रात डार्विन ब्राउनच्या निबंधाचा उल्लेख करत नाही. परंतु १८३८ साली त्याने आपल्या खासगी टिपणवहीत स्वतःलाच बजावले, की आपण जडवाद कितपत मानतो हे सांगणे टाळावे. भावना आणि सहजप्रवृत्ती आनुवंशिक असतात एवढेच म्हणावे. त्या संध्याकाळचाच हा परिणाम, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. मात्र असे विचार बोलून दाखवले की काय होते, हे त्याच्या पिढीला माहीत होते. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध व्हायला १८५९ साल उजाडले.

महाविद्यालयीन मंडळांच्या अशा वह्या रद्दीत जाताना मी पाहिल्या आहेत. त्यांत डार्विन असेलच असे नाही. पण कोणी काय बोलले आणि कोणाचे बोलणे खोडले गेले, हे कळण्याची वाटही त्यांच्याबरोबर जाते.