पन्नास ओहमची टोपी

नातेवाइकांत माझी ओळख 'कॉम्प्युटरमध्ये आहे' अशी. म्हणजे सॉफ्टवेअर, असं सगळ्यांनी धरून टाकलंय. डब्याच्या मागे केबल खोचतात ना, त्या भोकाच्या आतलं सर्किट मी करतो, हे सांगून पाहिलं. पण लग्नकार्यात तेवढा वेळ कुणाला असतो! :) म्हणून इथे लिहितोय.

तर गोष्ट १९७३ ची. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत ऑल्टो नावाचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे होते. २२ मे रोजी बॉब मेटकाफने एक टिपण लिहिलं आणि नाव दिलं इथरनेट. प्रकाशलहरी ज्यातून वाहतात असं मानत तो इथर १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांना काही सापडला नव्हता. मेटकाफचा इथर मात्र हातात धरता येत होता. एक कोअ‍ॅक्शियल केबल, सगळे तिच्यावरच बोलणार. दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसायचं, थोडं थांबून पुन्हा बोलायचं. (आमच्या घरी यातला दुसरा भाग कुणी पाळत नाही.) वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. हा विचित्र आकडा ऑल्टोच्या १७० नॅनोसेकंदांच्या घड्याळामुळे आला, एका बिटाला दोन ठोके.

कल्पना मेटकाफची, पण ती चालवून दाखवायला डेव्हिड बॉग्ज लागला. पोरवयापासून हॅम रेडिओचा नाद असलेला, हातात सोल्डरिंग मुरलेलं. आम्हा हार्डवेअरवाल्यांना हा माणूस जास्त जवळचा वाटतो, यात नवल नाही.

मी शिकलो तेव्हा बारीक केबलचा जमाना होता, १० बेस २. एका मशीनकडून दुसऱ्याकडे वळसे घेत जाणारी काळी केबल, प्रत्येकामागे एक टी, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमच्या रोधाची एकेक टोपी, म्हणजे टर्मिनेटर. झाडताना कुणी टेबल सरकवलं की टोपी निघे आणि अख्खा मजला बंद! एका टोपीसाठी सगळेच का बंद पडावेत? टोक उघडं राहिलं की सिग्नल तिथून परततो, हे कारण पुस्तकात असतंच. दुसरं कारण मला जास्त आवडतं. बोलणारं मशीन केबलमध्ये ठरावीक करंट सोडतं. दोन टोप्या समांतर, म्हणजे २५ ओहम. दोघं बोलले तर करंट दुप्पट, व्होल्टेज दुप्पट, त्यावरूनच टक्कर ओळखायची. एक टोपी गेली की २५ चे ५० होतात. मग एकटाच बोलला तरी व्होल्टेज दुप्पट, आणि बिचाऱ्याला वाटतं की टक्कर झाली! तो गप्प बसतो, पुन्हा बोलतो, पुन्हा गप्प. त्यामुळे आमचं पहिलं औषध म्हणजे मल्टीमीटर. नेटवर्क बंद करून टीवर मोजायचं, साधारण २५ आले तर ठीक, ५० आले तर टोपी शोधत निघायचं.

१९९० मध्ये १० बेस टी आलं. पिळाच्या तारा, प्रत्येकाची केबल वेगळी, एकाची सुटली तर बाकीचे सुखी. शिवाय दोन्ही टोकांना चिमुकला ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक थेट चिपपर्यंत पोचत नाही. मँचेस्टर कोडिंगमध्ये प्रत्येक बिटात उलटापालट असल्याने सिग्नल त्यातून आरपार जातो. सगळं शांत असताना साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीक स्पंद पाठवायचा, की 'मी आहे'. लिंकचा दिवा त्यावरच लागतो.

१९९९ च्या गिगाबिटमध्ये तर चारही जोड्यांवर दोन्हीकडचे एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येक जण ऐकलेल्यातून स्वतःचा आवाज वजा करतो. १९७३ मध्ये जी टक्कर टाळायची होती, तीच आता रीत झाली.

बॉग्ज फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक मार्च २०२३ मध्ये जाहीर झालं, मेटकाफला. योग्यच. इथरनेटवरच्या १९७६ च्या मूळ लेखावर मात्र नावं दोघांचीही आहेत.