अन्न हा शिक्षणाचा खर्च आहे काय?



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राज्याभिषेक यांची अपेक्षा केली जाते. आजचा विषय त्या मानाने फारच साधा आहे. शाळेच्या मधल्या सुटीत मुलाच्या ताटलीत पडणाऱ्या भातालाही इतिहास आहे, आणि आपल्या देशात तो प्रामुख्याने मद्रासकडे घडला. या सगळ्या इतिहासातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. तो प्रश्न एखाद्या हिशेबनिसाच्या तोंडी शोभावा असा आहे : अन्न हा शिक्षणाचा खर्च आहे काय?

हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारण आधी ध्यानात घ्यावयास हवे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक आणले, पण ते संमत झाले नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचा कायदा केला आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. परंतु दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते, त्याचे पोट भरत नाही. जो मुलगा दुसऱ्याची गुरे राखतो त्याला निदान एक वेळची भाकरी मिळते. तो शाळेत आला की ती भाकरी जाते. तेव्हा फी माफ केली तरी गरिबाला शाळा फुकट पडत नाही. तिची किंमत त्याला रोजच्या जेवणात मोजावी लागते.

ही गोष्ट मद्रास महापालिकेच्या ध्यानात आली ती १९२० साली. सर पिट्टी त्यागराय चेट्टी हे त्या वेळी पालिकेचे अध्यक्ष होते. थाउजंड लाइट्स भागातल्या पालिकेच्या शाळेत बहुतेक मुले गरीब घरची होती आणि पटावरची संख्या टिकत नव्हती. या मुलांना दररोज, दर डोई एक आण्याहून अधिक खर्च न करता, अल्पोपाहार द्यावा असा ठराव पालिकेने मंजूर केला. पुढे आणखी चार शाळांना ही सोय मिळाली. या पाच शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या १९२२-२३ मध्ये आठशेच्या आसपास होती, ती दोनच वर्षांत सोळाशेच्या वर गेली.

यानंतर जे घडले ते या विषयाचे मर्म आहे. १ एप्रिल १९२५ पासून हा उपाहार बंद झाला. मुलांना तो नको होता किंवा पालिकेला तो झेपेना, असे काही नव्हते. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून खाण्यावर खर्च करण्यास सरकारने परवानगी नाकारली. निधी शिक्षणाचा होता, आणि सरकारच्या लेखी अन्न हे शिक्षण नव्हते. याचा दोष सरसकट इंग्रजांच्या माथी मारावयाचीही सोय नाही. त्या वेळी मद्रासमध्ये जस्टिस पक्षाचे मंत्रिमंडळ होते आणि त्यागराय चेट्टी हे त्याच पक्षाचे पुढारी होते. उपाहार थांबला तसा पटही घसरला, आणि पालिकेला तो पुन्हा सुरू करावा लागला. मुलांच्या गैरहजेरीने दिलेले उत्तर सरकारी उत्तराहून वेगळे निघाले.

खुद्द इंग्लंडात या प्रश्नाचा निकाल त्याआधीच लागला होता. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होऊ पाहणारे अनेक तरुण शरीराने इतके खुरटलेले निघाले, की राज्यकर्ते हादरले. ब्रॅडफर्ड या कापडगिरण्यांच्या शहरात मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोवेट यांनी शाळकरी मुलांच्या भुकेचा प्रश्न लावून धरला होता. अखेर १९०६ मध्ये कायदा होऊन स्थानिक संस्थांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली. गरिबांसाठीच्या सार्वजनिक निधीतून मदत घेणाऱ्याचा मताधिकार जाण्याचा नियम त्या काळी तेथे होता. मुलाला शाळेत जेवण मिळाले म्हणून बापाचे मत जाणार नाही, अशी तरतूद या कायद्यात होती. म्हणजे हे अन्न भिक्षा नव्हे, एवढे तरी कायद्याने मान्य केले.

आपल्याकडे मात्र अन्नाच्या खर्चाबरोबर पंगतीचाही प्रश्न होता. मद्रासचा उपाहार बंद पडला त्याच सुमारास, १९२४-२५ मध्ये, त्या प्रांतातील चेरनमादेवी येथील राष्ट्रीय गुरुकुलात ब्राह्मण मुलांना वेगळे जेवण वाढले जाते यावरून मोठे वादळ उठले. आणि त्याच १९२४ मध्ये आपल्या साताऱ्यात भाऊराव पाटील सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली शिजवायला आणि जेवायला बसवीत होते. त्या वसतिगृहातील मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण एक गोष्ट विसरू नये. मुलांची भूक भागविण्यासाठी एखाद्या माउलीला मंगळसूत्र मोडावे लागणे, हा तिचा मोठेपणा खरा. परंतु समाजाने आपले देणे दिले नाही, हाही त्याचाच अर्थ आहे.

हे देणे सरकारच्या खात्यावर मांडण्याचे काम कामराजांनी केले. वडिलांच्या अकाली मृत्यूमुळे कामराजांची शाळा लहानपणीच सुटली होती. १९५४ मध्ये ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे शिक्षणसंचालक नेय्यादुपाक्कम सुंदरवडिवेलू यांच्या साहाय्याने गावोगाव लोकवर्गणीतून शाळेत जेवण सुरू झाले, आणि १९५६ पासून त्याला राज्यव्यापी रूप आले. पुढे खर्चाचा मोठा वाटा सरकारने आणि उरलेला गावाने उचलावा, असे ठरले. कोणी तांदूळ दिला, कोणी भाजी, कोणी सरपण. लोकवर्गणीच्या या पद्धतीत आपुलकी होती. पण पिके बुडाली की वर्गणीही आटते, आणि मुलांची भूक नेमकी त्याच वर्षी अधिक असते, ही तिची मर्यादाही होती.

ती मर्यादा १९८२ मध्ये ओलांडली गेली. नाटक मंडळीत लहानपणी उपासमार सोसलेले एम. जी. रामचंद्रन तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री होते. त्यांनी १ जुलै १९८२ रोजी पोषक आहाराची मोठी योजना सुरू केली. तिचा लाभ लाखो मुलांना मिळू लागला. प्रत्येक केंद्रावर संयोजक, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमले गेले. त्यांत विधवा आणि निराधार स्त्रियांना अग्रक्रम होता. ही मतांसाठी केलेली उधळपट्टी आहे, एवढा पैसा उद्योगधंद्यांत घातला असता तर बरे, अशी टीका झाली. म्हणजे १९२५ चा हिशेबनीस अजून जिवंत होता! पण पुढे सरकारे बदलली, पक्ष बदलले, तरी ही योजना कोणी मोडली नाही. उलट प्रत्येकाने तिच्यात काही ना काही भर घातली. कोणी अंडे वाढविले, तर २०२२ मध्ये सकाळची न्याहारीही सुरू झाली.

साऱ्या देशाने हा धडा गिरविला तो उशिरा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने राष्ट्रीय योजना सुरू केली खरी. पण महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी शिजविलेल्या अन्नाऐवजी महिन्याकाठी ३ किलो कोरडे धान्य हजेरीवर वाटले. ते धान्य घरी जाई आणि घरातील सर्वांच्या वाट्यात विरून जाई. ११ वाजता उपाशीपोटी फळ्याकडे पाहणाऱ्या मुलाची स्थिती त्याने बदलत नव्हती. २००१ मध्ये सरकारी गोदामांत सहा कोटी टनांच्या घरात धान्य साठलेले असताना राजस्थानात दुष्काळाने लोक होरपळत होते. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला, वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांकांचे आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे शिजविलेले अन्न द्यावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क म्हणून नोंदविले. थाउजंड लाइट्सच्या ठरावापासून येथवर येण्यास ९३ वर्षे लागली.

हक्क कागदावर आला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. त्याच २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील जेवणात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ बालके दगावली. न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकासाठी दलित स्त्रियांना अग्रक्रम द्यावा असे सांगितले. तरीही त्यांच्या हातचे आमच्या मुलांनी खावयाचे नाही, असे म्हणणारे पालक तामिळनाडूतदेखील निघाले. चेरनमादेवीचे भांडण अद्याप मिटलेले नाही. आपल्याकडे खिचडी शिजविणाऱ्या बाईला मिळणारे मानधन पाहिले, तर तिच्या कामाला आपण शिक्षणात किती लेखतो हेही दिसते. तांदळाच्या पोत्यांचा हिशेब शिक्षकाच्या गळ्यात पडतो आणि त्याचा वर्गातला वेळ जातो, ही तक्रारही खोटी नाही. परंतु तिचा उपाय हिशेबाला वेगळा माणूस देणे हा आहे, ताटली काढून घेणे हा नव्हे.

श्रोतेहो, खिचडीने शिक्षण होते काय, असे उपहासाने विचारणारे आपल्या गावातही भेटतात. खिचडीने शिक्षण होत नाही, हे मान्य. फळा, खडू आणि पुस्तक यांनीही आपोआप होत नाही. तरी त्यांचा खर्च शिक्षणात धरावा की नाही, असे कोणी विचारीत नाही. भुकेल्या मुलाच्या बाबतीत पहिले साहित्य अन्न आहे. १९२५ मध्ये मद्रासच्या पाच शाळांतली मुले न्याहारीबरोबर बाकेही रिकामी करून गेली, तेव्हाच या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. ते आपल्या गावच्या शाळेत नीट शिजते आहे की नाही, आणि साऱ्या मुलांना एका पंगतीत वाढले जाते की नाही, हे मधल्या सुटीत जाऊन पाहणे आता आपल्याकडे आहे.