भिऱ्याचा क्लाउड

कोलाडला राफ्टिंगला जायचं तर सकाळी लवकर पोचावं लागतं. पावसाळा सोडला तर तिथली कुंडलिका दिवसभर सारखी वाहत नाही. वर भिऱ्याला टाटांच्या वीजघरात टर्बाइन फिरली की ते पाणी खाली येतं आणि मग राफ्ट निघतात. मागे एकदा आमचं ऑफिसचं टोळकं लाइफ जॅकेटं घालून काठावर पाण्याची वाट बघत बसलं होतं. गाइड म्हणाला, "मुंबईला वीज लागली की येतंय बघा पाणी." आमच्यातला एकजण लगेच, "अरे, हे तर ऑटोस्केलिंग!" सगळे हसले, मीही हसलो. पण रोह्याहून परतीच्या दिवा गाडीत बसलो तरी ते डोक्यातून जाईना. मग घरी येऊन बरंच काही वाचलं. तेच इथे लिहितोय.

(आमच्या धंद्यात नसलेल्यांसाठी: ऑटोस्केलिंग म्हणजे गर्दी वाढली की आपोआप जास्त सर्व्हर चालू होणं आणि गर्दी ओसरली की बंद होणं. पैसे वापरले तेवढ्याचेच.)

साधारण १९०० ची मुंबईतली कापडगिरणी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक गिरणीचं स्वतःचं बॉयलरघर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःची चिमणी. कोळसा दूरवरून यायचा. इंजिन बसल्यावर अख्खी गिरणी बसली. माझ्या पहिल्या नोकरीत जिन्याखालच्या खोलीत दोन सर्व्हर घरघरत असायचे आणि त्यांच्यासाठी एक एसी अहोरात्र चालू असायचा. एसी बंद पडला की सगळं ऑफिस हात बांधून बसायचं. कापड आणि कोड एवढाच काय तो फरक.

सह्याद्रीच्या पावसावर वीज करायची ही कल्पना जमशेदजी टाटांनी उचलून धरली, पण १९०४ साली ते गेले. पुढे १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी निघाली आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या तळ्यांतलं पाणी नळांतून घाटाखाली पाचशेहून जास्त मीटर खाली आणायचं आणि त्यावर चाकं फिरवायची. आपलं इंजिन मोडीत काढून परक्याच्या तारेवर विसंबायला गिरणीमालक सुरुवातीला फारसे राजी नव्हते. (२०१४-१५ च्या सुमाराला "आमचा डेटा बाहेर ठेवणार नाही" म्हणणारे आयटी मॅनेजर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.) तरी हळूहळू गिरण्या वळल्या. १९२२ मध्ये भिवपुरी आलं, १९२७ मध्ये भिरा.

विजेची आणि कॉम्प्युटरची ही तुलना काही माझा शोध नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच म्हटलं होतं की टेलिफोनसारखी संगणनाचीही सार्वजनिक सेवा होऊ शकेल. निकोलस कार यांनी २००८ मध्ये 'द बिग स्विच' हे सबंध पुस्तक याच तुलनेवर लिहिलं, पण त्यातली गोष्ट मुख्यतः अमेरिकेची. आपली गोष्ट पेण आणि रोह्याच्या वरच्या डोंगरात आहे आणि ती जरा वेगळी आहे.

आधी पेणबद्दल. परतीच्या गाडीत पेण लागतं. पेणचे मूर्तिकारही पीक लोडवरच जगतात. अख्ख्या वर्षाची मागणी एका चतुर्थीला. पण त्यांना मूर्ती आधी करून ठेवता येतात, म्हणून कारखाने वर्षभर चालू असतात. वीज तशी रचून ठेवता येत नाही. मात्र घाटमाथ्यावर पाणी ठेवता येतं आणि हवं तेव्हा सोडता येतं. जलविद्युतचं खरं मर्म इथे आहे. कोळशाच्या वीजघराला तापायला तास लागतात, पाण्याचं टर्बाइन मात्र काही मिनिटांत पूर्ण जोरात. आमच्या क्लाउडमध्येही 'मागितला की सर्व्हर हजर' याचा अर्थ कुणीतरी आधीच यंत्रांचं तळं भरून ठेवलेलं असतं. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि सर्व्हर असे दोन्ही भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांचं मुंबई रीजन आलं. आणि आपल्या रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ, २०२० साली योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं.

आता भिरा. भिऱ्याचं पाणी येतं मुळशीहून. मुळा नदी मुळात पूर्वेला वाहणारी. भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारं ते पाणी अडवून पश्चिमेला कोकणात पाडलं. खोपोलीचंही तसंच. ते पाणी पाताळगंगेतून खारपाड्याच्या पुलाखालून धरमतरच्या खाडीला जातं, आणि मुळशीचं रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला. दोन्ही तालुक्यांच्या नद्यांत देशावरचं पाणी वाहतंय, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पण मुळशीच्या खोऱ्यात माणसं राहत होती. पन्नासेक गावं, भाताची खाचरं. जमिनीचा व्यवहार पुरा व्हायच्या आतच तिथे काम सुरू झालं होतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला, सत्याग्रही तुरुंगात गेले. नुकसानभरपाई ठरली तेव्हा सावकार आणि जमीनदारांचं बऱ्यापैकी भागलं, कुळांच्या हाती फारसं काही आलं नाही. १९२४ पर्यंत लढा विझला आणि तीन वर्षांनी भिऱ्याची चाकं फिरू लागली. गिरणीमालकाच्या बिलावर फक्त युनिटं होती.

माझ्याही बिलावर तेवढंच असतं. एकदा टेस्टिंगसाठी चालू केलेला सर्व्हर बंद करायला मी विसरलो आणि महिनाअखेरीला मॅनेजरने बिल समोर धरलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मीटर म्हणजे काय. पण त्या तासांमागे किती वीज गेली, थंड ठेवायला किती पाणी गेलं, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं. मी विचारलंही नाही.

परक्या तारेची दुसरी बाजूही सांगायला हवी. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका इंजिनिअरने एक कमांड चुकीची दिली. ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर निघाले आणि अमेरिकेतल्या हजारो वेबसाइटी काही तास आडव्या. गंमत म्हणजे सेवा बंद असल्याचं सांगणारं त्यांचं स्वतःचं पानही त्याच सेवेवर चालत होतं, त्यामुळे ते बराच वेळ 'सगळं ठीक' दाखवत राहिलं! आणि १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. जिन्याखालचा सर्व्हर बसला की एक ऑफिस बसायचं. इथे सगळ्यांचं एकदम.

म्हणून परत जिन्याखाली जायचं का? नाही. मी तरी जाणार नाही, तो एसी मला आठवतो. फक्त नवीन सर्व्हर घेताना स्क्रीनवर यादी येते आणि मी 'मुंबई' निवडतो, तेव्हा हल्ली हात क्षणभर थांबतो. मुंबई म्हणजे नक्की कुठे? त्या यादीत पत्ता नसतो.

असो. कोलाडला जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून पाण्याची वेळ विचारा. आम्ही गेलो त्या दिवशी पाणी पाऊण तास उशिरा आलं होतं.