गॅल्व्हेस्टनचें वादळ व त्यानंतर

अमेरिकेच्या टेक्सस संस्थानाच्या किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातांत, गॅल्व्हेस्टन नांवाचें एक लांबट, वाळूचें बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावरील शहराची वस्ती सुमारें ३८,००० होती आणि कापसाच्या निर्यातीमुळें तेथें बरीच संपत्ति सांठली होती. शहरांतील सर्वांत उंच जागा मात्र समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनहि कमी उंचीवर होती. समुद्राच्या बाजूनें भिंत बांधावी अशी सूचना पूर्वीं झाली होती. पण ती मागें पडली. १८९१ मध्यें तेथील हवामान कचेरीचे मुख्य आयझॅक क्लाइन यांनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून, मोठ्या वादळापासून या शहरास भय आहे ही कल्पनाच निराधार होय, असें प्रतिपादन केलें. पुढें याच गृहस्थांच्या पत्नीला वादळांत जलसमाधि मिळाली.

तें वादळ शनिवार, ता. ८ सप्टेंबर १९०० रोजीं आलें. अटलांटिकमधील अशा चक्री वादळांना तिकडे हरिकेन म्हणतात. वाऱ्यानें फुगलेला समुद्र पंधरा फुटांहून अधिक चढला आणि सारें बेट पाण्याखालीं गेलें. ३,६०० हून अधिक घरें नाहींशीं झालीं. मृतांची नेमकी गणना झालीच नाहीं. सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत आंकडे दिले जातात, व आठ हजार हा त्यांतील सर्वमान्य समजतात. किनाऱ्यावरच्या सेंट मेरी अनाथालयांतील दहा जोगिणींनीं कपडे वाळत घालण्याच्या दोरीनें मुलांना आपल्या कमरेशीं बांधून घेतलें होतें. त्या दहाहि जणी आणि नव्वद मुलें दगावलीं. तीन मुलगे तेवढे वांचले.

प्रेतें नावांत भरून समुद्रांत सोडलीं, तों तीं भरतीबरोबर परत किनाऱ्यास लागलीं. मग ढिगाऱ्यांतील लाकडांच्याच चिता रचून जागोजाग दहन करावें लागलें. या भयंकर कामावर कृष्णवर्णीय लोकांना बंदुकीचा धाक दाखवून धरून नेण्यांत आलें. मदतकार्याच्या गौरवपर वर्णनांतून ही गोष्ट बहुधा गाळली जाते. ती गाळूं नये.

दुसऱ्याच दिवशीं शहरांतील प्रमुख नागरिकांनीं मध्यवर्ती मदत समिति स्थापन केली. लवकरच देशोदेशींहून पैसा, धान्य व कपडे येऊं लागले. एकंदर रोख मदत साडेबारा लक्ष डॉलरांच्या आसपास गेली. न्यूयॉर्कमध्यें वृत्तपत्रांचे धनी हर्स्ट यांनीं अनाथ मुलांसाठीं मोठा बाजार भरविला व त्यास मार्क ट्वेनसारखे लेखक उपस्थित राहिले. वर्तमानपत्रांच्या या औदार्यांत परस्परांतील चुरसहि होती, हें खरें. पण त्या पैशांतून अनाथालयाची पडलेली इमारत पुन्हा उभी राहिली, हेंहि खरें. पैसा मिळविणें हा त्यांतला सोपा भाग होता. ज्याचें घर, हत्यारें, शेत व माणसें एका रात्रींत गेलीं, त्याला नेमकें काय द्यावयाचें आणि तें कोणीं ठरवावयाचें, हा खरा पेंच होता.

येथें क्लारा बार्टन या बाईंची गांठ पडते. अमेरिकेंतील रेडक्रॉस संस्था त्यांनीं १८८१ मध्यें स्थापिली होती. गॅल्व्हेस्टनला त्या आल्या तेव्हां त्यांचें वय ७८ वर्षांचें होतें, आणि तेथें पोंचल्यावर त्यांनीं अंथरूणच धरलें. तरी सुमारें दोन महिने त्यांनीं तें ठिकाण सोडलें नाहीं. त्यांची पद्धति समजण्यास सात वर्षें मागें गेलें पाहिजे. १८९३ च्या ऑगस्टमध्यें साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील बेटांना असेंच वादळ झोडपून गेलें. तेथील सुमारें तीस हजार बेघर माणसें बहुतेक पूर्वींचे गुलाम व त्यांचीं मुलेंबाळें होतीं, आणि सरकारनें त्यांच्याकडे पाठ फिरविली होती. बाईंजवळ पैसा अगदींच तुटपुंजा. आठवड्याचा शिधा बेताचा ठेवून त्यांनीं पुरुषांना खाऱ्या पाण्याचा निचरा करणारे चर खणण्याच्या व घरें उभारण्याच्या कामास लावलें, बायकांचीं शिवणकामाचीं मंडळें काढलीं, आणि पेरणीसाठीं बियाणें वांटलें. पुढच्या हंगामांत पीक हातीं येतांच रेडक्रॉसनें तेथून काढतें पाऊल घेतलें.

तोच धडा गॅल्व्हेस्टनला गिरविला गेला. आलेला माल वांटण्याचें काम शहराच्या वॉर्डावॉर्डांतील पुरुषांकडे होतें; बाईंनीं रेडक्रॉसच्या महिला शाखा काढून तें स्त्रियांच्या हातीं दिलें. घराघरांतील नड त्यांना अधिक ठाऊक, हें उघडच होतें. कृष्णवर्णीय नागरिकांची शाखाहि निघाली, मात्र ती वेगळी. त्या काळचा भेदभाव वादळानेंहि धुऊन नेला नव्हता. घरांसाठीं इमारती लाकूड मिळविण्याची खटपट झाली. परंतु या सर्वांत लक्षांत राहण्याजोगी भेट म्हणजे स्ट्रॉबेरीचीं रोपें. बेटासमोरच्या मुख्य भूमीवरील शेतकऱ्यांची जमीन खाऱ्या पाण्यानें नासली होती. त्यांना रेडक्रॉसनें पंधरा लक्ष रोपें विकत घेऊन दिलीं. धान्याच्या पोत्याचें छायाचित्र उठावदार निघतें, रोपाचें निघत नाहीं. पण पोतें रिकामें होतें आणि रोप फळ धरतें.

एवढें झालें तरी पुढच्या वादळाचें काय, हा प्रश्न उरलाच. तीन स्थापत्यविशारदांची समिति नेमण्यांत आली. त्यांतले जनरल हेन्री रॉबर्ट यांचें नांव सभासंमेलनांच्या चालकांना निराळ्याच कारणानें परिचित आहे. सभा चालविण्याचे प्रसिद्ध नियम यांनींच लिहिले. सतरा फूट उंच व तीन मैलांहून लांब अशी काँक्रीटची भिंत आणि तिच्या मागची सारी जमीन उंच करणें, असा त्यांचा सल्ला. भिंतीचा पहिला भाग ऑक्टोबर १९०२ मध्यें सुरू होऊन जुलै १९०४ मध्यें संपला.

जमिनीचें काम मात्र १९११ पर्यंत चाललें, आणि त्याला तोड नाहीं. शहराच्या मधून एक कालवा खणला. गाळ उपसणारीं जहाजें त्यांतून आंत येत आणि समुद्रतळाची वाळू-पाण्याची राळ नळांनीं दोन्ही बाजूंस सोडीत. दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रूच्या जॅकांवर उचलण्यांत आल्या. सेंट पॅट्रिक चर्चची वास्तु सुमारें तीन हजार टनांची. ती सातशें जॅकांनीं पांच फूट वर नेली. एक कोटी साठ लक्ष घनयार्डांहून अधिक भर पडली. तोंवर लोक खांबांवर उभ्या असलेल्या घरांत राहत, लाकडी फळ्यांच्या पुलांवरून शाळेंत व बाजारांत जात, आणि खालीं खारट चिखलाची दुर्गंधी सोशीत. बागा व झाडें मेलीं. भरावाचा खर्च सार्वजनिक होता, पण आपलें घर उचलण्याचा भार ज्याचा त्यानेंच सोसावयाचा होता. येथें कोणी देणगीदार आला नाहीं. वादळाच्या दुसऱ्या दिवशीं उघडलेल्या थैल्या चौथ्या वर्षीं बंद होत्या.

१९१५ च्या ऑगस्टमध्यें तितकेंच प्रचंड वादळ आलें. भिंत टिकली आणि शहरांत फारच थोडीं माणसें दगावलीं. भराव संपल्यावर तेथील स्त्रियांच्या मंडळानें रस्तोरस्तीं ओक व कण्हेरीचीं झाडें लावण्याचें काम हातीं घेतलें होतें, व त्यांच्या सावलीवर शहर पुढें अभिमान बाळगूं लागलें. २००८ मध्यें ‘आइक’ नांवाचें हरिकेन आलें, तेव्हां पाणी भिंतीवरून नव्हे, तर मागच्या खाडीकडून शहरांत शिरलें, आणि त्या खारेपणानें हजारों जुनीं झाडें वाळून गेलीं. कित्येक घरमालकांनीं अंगणांतील वठलेल्या खोडांवर पक्षी, मासे व माणसें कोरून घेतलीं. त्यांच्या शेजारीं नवीं रोपें लावलीं गेलीं.