शिवारातले संख्याशास्त्र

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण बीटी कापूस येईपर्यंत मराठवाड्याच्या कोरडवाहू शिवारांत भरपूर पेरला गेला. त्याचे श्रेय पैदासकारांना मिळते. काही वाटा संख्याशास्त्राचाही आहे. इथे खोल काळी आणि मुरमाड जमीन एकाच रानात शेजारी असते, मग जादा कापूस वाणामुळे की मातीमुळे, हे कसे कळणार? वाण चिठ्ठ्या टाकून वाफ्यांत वाटायचे आणि पुनःपुन्हा लावायचे, ही संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातली रीत. १९५४ पासून संख्याशास्त्रज्ञ पानसे-सुखात्मे यांच्या पुस्तकातून ती भारतातल्या कृषी विद्यार्थ्यांनी शिकली. नांदेडचे केंद्र ज्याच्या अखत्यारीत आहे ते परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे, म्हणजे त्याच्या पायाशीच ही शिस्त होती.

जाणत्या शेतकऱ्याची नजर पुरेशी नाही का? ती मोलाचीच, पण तिला एकच शिवार ठाऊक असते. दुसरा आक्षेप पीक विम्यातल्या नमुन्यांबद्दलचा, आणि तो अधिक गंभीर आहे. पानसे-सुखात्मे यांनीच रुजवलेल्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या प्लॉटांतल्या) पीक कापणी प्रयोगांवर लातूरच्या सोयाबीनची विमा भरपाई मोठ्या अंशी ठरते, आणि महसूल मंडळातल्या मोजक्या प्लॉटांत एखाद्याचे बुडालेले रान दिसत नाही. तक्रार रास्त आहे. मात्र नमुना मंडळाची सरासरी सांगण्यासाठी असतो. तिच्यावरून प्रत्येकाचे नुकसान ठरवणे हा धोरणाचा निर्णय आहे, आणि जाब धोरणालाच विचारला पाहिजे.