यात्रा, जत्रा आणि पनिगिरी

ग्रीक खेड्यात संताच्या दिवशी भरणारा उत्सव म्हणजे ‘पनिगिरी’. मूळ अर्थ, सर्वांचे एकत्र जमणे. आपल्या शब्दाच्या मुळाशी मात्र ‘जाणे’ आहे : ‘या’ धातूपासून यात्रा, तिचे तद्भव रूप जत्रा. यात्रा म्हणजे तीर्थाटन आणि जत्रा म्हणजे पाळणे-तमाशे, ही शिष्ट विभागणी खानदेशात टिकत नाही. अमळनेरला वैशाखात बोरीकाठी भरते ती सखाराम महाराजांची यात्राच. आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो, तीही यात्राच. याला प्रादेशिक ढिलाई समजणे बरोबर नाही. आठव्या शतकातील भवभूतीच्या नाटकांचा प्रयोग कालप्रियनाथाच्या ‘यात्रे’त होत असल्याचे प्रस्तावनेत सूत्रधारच सांगतो, आणि तिथे यात्रा म्हणजे उत्सवच.